पोर एक, दारं दहा: कोकणात तरुण मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी सगळ्यांनी मिळून काम कसं उभं करायचं

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, कुठल्याही तालुक्यात मुलांसोबत काम सुरू केलंत की थोड्याच दिवसांत लक्षात येतं, मदत करणारे तसे बरेच आहेत. शाळेतले सर-बाई आहेत, आशाताई आहे, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर आहेत, सिव्हिलला म्हणजे जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, बाल संरक्षणवाले आहेत, पोलीस आहेत, एखाद-दुसरी संस्था आहे. पण जो तो आपापलं बघतो आणि पोर या दारातून त्या दारात फिरत राहतं, प्रत्येक ठिकाणी आपली सगळी कहाणी पहिल्यापासून सांगतं, आणि तिसऱ्या ठिकाणी सांगून झालं की चौथ्या ठिकाणी जातच नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत हेच काम करते, नवीन कार्यकर्त्यांचे फोन येतात तेव्हा तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

प्रश्न किती मोठा आहे त्याचा अंदाज हवा असेल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं ७.३ टक्के प्रमाण आलं होतं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण साठ मुलांचा वर्ग डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल, सरासरी चारेक जणं त्यात असतात.

१. आधी माणसं शोधा, आणि कोण कोणाच्या हाताखाली ते समजून घ्या

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त अडकतो. आपल्याला वाटतं "आरोग्य खातं" म्हणजे एक खातं. तसं नसतं. पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि सिव्हिल हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो त्यांच्याकडे. मानसिक आरोग्याचं जिल्ह्याचं पथक, ज्याला सगळे डीएमएचपी (जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम) म्हणतात, ते सिव्हिलला बसतं. तेव्हा काम सुरू करताना तुमचं पत्र दोघांना गेलं पाहिजे, एकालाच दिलंत तर दुसरीकडचे डॉक्टर "आम्हाला वरून काही आलेलं नाही" म्हणतील आणि ते खरंच बोलत असतील.

असाच गोंधळ बालकांच्या खात्यात. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग वेगळा, तो अंगणवाड्या बघतो. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी वेगळे, त्यांच्याकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. नावं इतकी सारखी की लोक चुकीच्या ऑफिसात अर्ज देऊन महिनाभर वाट बघतात. तुम्हाला बहुतेक वेळा दुसरं हवं असतं. बाल कल्याण समिती तिसरी, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार त्यांचा.

शाळांचंही बघून घ्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजसाठी जिल्ह्याला माध्यमिकचे शिक्षणाधिकारी, आणि डिग्री कॉलेज असेल तर तिथे प्राचार्य आणि एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) प्रोग्राम ऑफिसर. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण आहेत ते विचारून ठेवा.

पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. ठाण्यात जाऊन "साहेब कोण आहेत" असं मोघम विचारू नका, "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण" असं विचारा.

यांच्याशिवाय दोन ठिकाणं लोक विसरतात. एक, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी, तिथे समुपदेशक असतात आणि मुलं तिथे जायला त्यामानाने कमी बिचकतात कारण बाहेर "मानसोपचार" अशी पाटी नसते. दोन, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. मुलांना आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००.

सगळी नावं, नंबर एका वहीत. मोबाईलमध्ये पण ठेवा, पण वही हवीच, पावसात चार-चार दिवस लाईट नसते.

२. पहिल्यांदा एकेकाला भेटा, बैठक नंतर

उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात सगळ्यांची मोठी बैठक लावायची, बॅनर, नारळ, फोटो, आणि मग पुढे काहीच नाही, असं करू नका. आधी एकेकाच्या टेबलाशी जाऊन बसा. त्यांना विचारा की तुमच्याकडे अशी मुलं येतात तेव्हा तुमचं कुठे अडतं. पीएचसीचे डॉक्टर सांगतील की आम्ही चिठ्ठी देतो पण माणूस जातो की नाही कळत नाही. सिव्हिलचे सांगतील की एकदा येतात, गोळ्या नेतात, परत येत नाहीत. शाळेतल्या बाई सांगतील की आई-वडिलांना बोलावलं तर वडील मुंबईला, आई काजूच्या फॅक्टरीत, आजी येते आणि रडते.

या तिन्ही तक्रारी एकाच दोरीची टोकं आहेत. तुम्हाला पहिलं काम मिळालं ते हे, की एकाने पाठवलेलं पोर दुसऱ्याकडे पोचलं की नाही ते परत पहिल्याला कळवायचं.

३. एका पानावर ठरवून घ्या

मोठा करारनामा कोणी वाचत नाही. एक पान पुरे. त्यावर एवढंच: कुठल्या वयाची मुलं (आमच्याकडे १० ते २४ धरतो), प्रत्येक ठिकाणी नाव घेऊन एक संपर्काचा माणूस आणि तो रजेवर असेल तर दुसरा, चिठ्ठी मिळाल्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचं, माहिती कोणाला किती सांगायची, आणि महिन्यातून कधी भेटायचं. सह्या आणि शिक्के घ्या. खात्याच्या वरिष्ठांकडून सहीला वेळ लागतो, तेवढा काळ काम थांबवू नका, खालच्या माणसांबरोबर सुरू करा.

संस्था दोन-तीन असतील तर त्यांचं आपसात आधी ठरवा. कोण शाळांत जाणार, कोण घरभेट करणार, व्यसनाचं कोण बघणार. मुलगा कोणाच्या रिपोर्टात धरायचा यावरून संस्थांमध्ये कटुता येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दोघांनीही धरा, फक्त दोघांनी आपण काय काम केलं तेच लिहा.

४. एका मुलामागे एक माणूस

हा सगळ्या लेखातला कळीचा भाग. बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा.

प्रत्येक मुलासाठी एकच माणूस ठरवायचा जो पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर असेल. तो डॉक्टर असायची गरज नाही. आशाताई असू शकते, शाळेतल्या बाई असू शकतात, संस्थेचा कार्यकर्ता असू शकतो. मुलाला जो बरा वाटतो तो. मुलालाच विचारा, "तुझ्याबरोबर कोण आलेलं चालेल?" पंधरा-सोळा वर्षांचं पोर याचं उत्तर लगेच देतं.

या माणसाची कामं साधी आहेत. पहिल्या वेळी सिव्हिलला बरोबर जाणं. मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतून रत्नागिरीला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, आईचा एक दिवसाचा खाडा, आणि ओपीडीत नंबर कुठे लावायचा ते माहीत नाही, इथेच अर्धी मंडळी गळतात. (आई आणि मुलगी दोघींना एसटीत अर्धं तिकीट आहे हे सांगा, आणि आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत हेही सांगा, अजून कित्येकांना माहीत नसतं.) ओपीडीचा वार आदल्या दिवशी फोन करून पक्का करणं, कारण डॉक्टर कॅम्पला गेले असतील तर तो हेलपाटा त्या घराला फार महागात पडतो, पुढच्या वेळी ते येतच नाहीत. नंतर आठवड्यातून एकदा मुलाशी बोलणं. शाळेला एवढंच सांगणं की "उपचार चालू आहेत, सकाळी झोप येते, पहिल्या तासाला उशीर झाला तर ओरडू नका."

आणि मुलाची कहाणी एकदाच, मुलाच्या परवानगीने, थोडक्यात लिहून ठेवणं, म्हणजे पुढच्या डॉक्टरकडे ती वाचून दाखवता येते आणि पोराला परत सगळं उकरावं लागत नाही.

एका माणसाकडे पाच-सहा मुलांपेक्षा जास्त देऊ नका. आशाताईंवर आधीच डोंगराएवढं काम आहे, त्यांना विचारून मगच.

५. चिठ्ठी कशी लिहायची

आमच्याकडे एका शाळेतून एकदा चिठ्ठी आली होती, तिच्यावर एवढंच: "सदर विद्यार्थी वेड्यासारखे वर्तन करतो, तरी तपासणी व्हावी." ही चिठ्ठी त्या पोराच्या खिशात होती आणि त्याने ती वाटेत वाचली. पुढे त्याला ओपीडीपर्यंत नेताना आम्हाला काय करावं लागलं ते विचारू नका.

तीच चिठ्ठी नंतर त्याच सरांबरोबर बसून आम्ही अशी लिहिली: "वय १६. गेले तीन आठवडे वर्गात डोकं खाली ठेवून बसतो. डबा परत नेतो. कबड्डीला यायचं बंद केलं. रात्री झोप नाही असं स्वतः म्हणतो. मरण्याबद्दल बोलला का असं विचारलं, नाही म्हणाला. वडील मुंबईला, घरी आई आणि आजी. आईला सांगितलंय, ती यायला तयार आहे. बरोबर अमुक येत आहेत, फोन अमुक. काय ठरलं ते कृपया याच कागदाच्या मागे लिहून द्यावं."

यात आजाराचं नाव कुठेच नाही, डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच आहे. "डिप्रेशन आहे" असं आपण लिहायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. मरण्याबद्दल सरळ विचारलंत तर पोराच्या डोक्यात तो विचार येईल अशी भीती सगळ्यांना असते, तसं होत नाही, उलट विचारल्यावर मुलांना हायसं वाटतं. आणि मागची बाजू कोरी ठेवायची ती उत्तरासाठी. कागद बंद पाकिटात, आणि आत काय लिहिलंय ते मुलाला आधी वाचून दाखवायचं.

६. कोणाला किती सांगायचं

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, गाव, काहीही टाकायचं नाही. ग्रुप फक्त वेळ आणि जागा कळवायला. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली मुलाची ओळख माध्यमांत उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क स्पष्ट आहे. पण कायदा सोडा, आपल्याकडे वाडी म्हणजे वीस घरं, "नाव न सांगता" सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं कोणाचं पोर ते. बैठकीत नंबर वापरा, नावं वहीत, वही कपाटात.

अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती घ्या आणि मुलाचीही घ्या. पहिल्याच भेटीत त्याला सांगून टाका की तू सांगशील ते मी माझ्यापुरतं ठेवीन, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला ते पुढे सांगावंच लागेल. पॉक्सो कायद्यात (२०१२) मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. गावकीत मिटवू, मुलीच्या लग्नाचं बघायचंय, असं म्हणणारे भेटतील. तिथे मागे हटायचं नाही.

७. तातडीची वेळ आली तर

हे नंबर मुलांनाही द्या: टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आधी समुपदेशक आणि गरज लागली तर पुढे तज्ज्ञ. मुलांसाठी १०९८. अॅम्ब्युलन्स १०८. पोलीस ११२. व्यसनासाठी १४४४६.

मुलाने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला असेल तर घरचे हमखास घाबरतात की पोलीस केस होईल, आणि डॉक्टरला सांगतात "चुकून पोटात गेलं". खरं कारण लपलं की फक्त पोट साफ होऊन पोर घरी येतं, मनाकडे कोणी बघत नाही. त्यांना समजावून सांगा, २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. दवाखान्यात पोलीस जबाब घेतील, तो घेऊ द्या, आपला माणूस शेजारी बसवा.

घरी एक काम त्याच दिवशी करा. आंबा-काजूच्या फवारणीची औषधं कोकणात पडवीत, न्हाणीजवळ, कुठेही ठेवलेली असतात. ती कुलपात, चावी मोठ्या माणसाकडे. घरातल्या गोळ्याही तशाच. जुलैत घाट बंद पडतो, रस्ता खचतो, म्हणून आपण डॉक्टरांकडून महिनाभराच्या गोळ्या मागून घेतो ते बरोबरच आहे, पण त्या पोराच्या दप्तरात राहता कामा नयेत.

रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चारांपैकी एक. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करायची वेळ आली तर पालकांना आधी सांगा: मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस पूर्णवेळ बरोबर राहतो. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर बरोबर बाईमाणूस लागते. "तिकडे टाकून आले" ही भीती निम्मी तिथेच कमी होते.

८. देवाधर्माचं

याच्यावर संस्थावाले आणि गाव यांचं हटकून बिनसतं. मुलाला काही झालं की घरचे आधी देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं (देवापुढची विनवणी) घालतात, भगताकडे जातात. मालवण-कुडाळकडे आजी सरळ म्हणते, "भायरचा कायतरी लागला हा." तिच्याशी वाद घालून पोर हातचं जातं. आम्ही गुरवांना, मानकऱ्यांना जाऊन भेटतो आणि एवढंच मागतो की गाऱ्हाणं घाला, पण गोळ्या बंद करायला सांगू नका. बरेचजण ऐकतात. काही तर स्वतःहून "सिव्हिलला पण दाखवा" म्हणायला लागलेत. मारहाण, चटके, कोंडून ठेवणं असं काही असेल तर मात्र ते सहन करायचं नाही, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांकडे जा.

९. महिन्याची बैठक, कोकणच्या वेळापत्रकाने

डीएमएचपीचं पथक तुमच्या ग्रामीण रुग्णालयात ज्या दिवशी येतं त्याच दिवशी दुपारी तासभर बैठक लावा, वेगळं कोणी येत नाही. भाषणं नकोत. मागच्या महिन्यात पाठवलेली मुलं एकेक घ्या, पोचलं का, दुसऱ्यांदा गेलं का, शाळेत येतंय का. जे पोचलं नाही त्याच्यावर जास्त वेळ द्या.

शिमगा आणि गणपतीत बैठक ठेवू नका. पण गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईचे वडील घरी असतात, त्यांना भेटायची वेळ तीच, घरभेटी तेव्हा ठरवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे अशा बंदरांवरचे तांडेल-खलाशी तेव्हा मोकळे असतात, एरवी त्यांची गाठ पडत नाही. आणि दहावी-बारावीचे निकाल लागायच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक शाळेने आपली काळजीची मुलं कोण, ते त्या त्या मुलासाठी ठरवलेल्या माणसाला सांगून ठेवायचं, निकालाच्या दिवशी त्यांना फोन गेलाच पाहिजे.

१०. अठरा पूर्ण होताना

अठराव्या वाढदिवसाला बाल कल्याण समितीचं काम संपतं, १०९८ संपतं, शाळा तर आधीच सुटलेली असते. आजार तसाच असतो. साडेसतरालाच तयारी करा: मोठ्यांच्या ओपीडीत नवा केस पेपर, एकोणीसपर्यंत मैत्री क्लिनिक, कॉलेजात एनएसएसच्या सरांशी ओळख. पोर बालगृहातलं असेल तर अनुरक्षणाची (बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची) सोय साधारण २१ पर्यंत मिळू शकते, त्याचा अर्ज बाल संरक्षण कक्षाकडे आधीच टाकायला लागतो. अठरानंतर संमती त्या मुलाची स्वतःची, आईला काय सांगायचं ते तोच ठरवणार, हे आईला हळुवारपणे सांगायचं काम पण तुमचंच.

कागद कुठले लागतात

मुलाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड किंवा जन्मदाखला, आधीचे सगळे केस पेपर आणि गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत, पाकीट दाखवलं की काम होतं), पालकांची सही, पासबुकाची झेरॉक्स. आजार लांबलेला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. घरची परिस्थिती बिकट असेल, आई किंवा वडील नसतील, तर मुलाच्या सांभाळासाठी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचं बाल संरक्षण कक्षात विचारा. आधार नाही म्हणून तपासणी थांबता कामा नये, आधी पोराला न्या, कागद मागाहून.

एक शेवटचं. सरकारी बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि जूनमध्ये तुमच्या पानावरची निम्मी नावं बदललेली असतात. मार्चमध्येच प्रत्येकाला सांगून ठेवा की जाताना नव्या माणसाशी एकदा फोनवर गाठ घालून द्या, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन परत पहिल्या टेबलापासून फिरा.